मेकअप ब्रश धुताना आधी त्याची मान सांभाळा

माझा पहिला ब्रशचा सेट वापरून खराब झाला नाही, मी तो धुऊन मारला.

बारा ब्रश होते, मेकअपच्या क्लासची फी भरून उरलेल्या पैशांत घेतलेले. दोन साखरपुडे आणि एक डोहाळजेवण एवढ्यावरच फाउंडेशनचा ब्रश मेणासारखा चिकट झाला. मग एका रात्री मी प्लास्टिकच्या मगात कढत पाणी घेतलं, चमचाभर कपड्यांची पावडर टाकली आणि सगळे ब्रश डोकं खाली करून त्यात बुडवून झोपायला गेले. सकाळी पावडरचा ब्रश उचलला तर हातात नुसता दांडा. केसांचा झुबका धातूच्या टोपीसकट मगाच्या तळाशी बसलेला. बाकीच्यांपैकी चौघांच्या दांड्यांचा काळा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता, आणि जे धड दिसत होते त्यांचे केस पुढे महिनाभर नवऱ्या मुलींच्या गालांवर गळत राहिले. आई म्हणाली, "अगं, लोकरीचा स्वेटर तरी आपण असा भिजत घालतो का?"

आता माझ्याकडे शिकायला मुली येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शॅम्पू कुठला वापरायचा? मी म्हणते, शॅम्पूचं नंतर बघू, आधी ब्रशची मान बघ.

मान म्हणजे कुठली?

ब्रशला केस असतात, दांडा असतो आणि या दोघांना जोडणारी धातूची नळी असते. दुकानात तिला फेरूल म्हणतात, मी मान म्हणते. बहुतेक वेळा ती ॲल्युमिनियमची असते, महागड्या ब्रशात पितळेची. केसांचा झुबका या नळीत गोंदाने बसवलेला असतो. खालून लाकडी दांडा आत सरकवून नळी वरून दाबलेली असते. नीट पाहिलंत तर तिच्यावर गोल खाचा दिसतील, त्या त्या दाबाच्या.

केसांतून पाणी एकदा या नळीत शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. गरम पाण्याने गोंद सैल पडतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळताना आकसतं, आणि असं पाच-दहा वेळा झालं की दांडा खुळखुळायला लागतो. फुगलेल्या लाकडावरचा रंग तडकतो. आत अडकलेला ओलावा कुबट वास धरतो तो वेगळाच. ब्रश धुताना कसा धरायचा, किती वेळ धुवायचा, वाळवताना कसा ठेवायचा, हे सगळे नियम या एका नळीभोवती फिरतात. एवढं लक्षात राहिलं तर बाकीचं पाठ करावं लागत नाही.

केस कसले आहेत?

नैसर्गिक केसांचे ब्रश बकरीच्या, खारीच्या किंवा घोड्याच्या केसांचे असतात. आपल्या केसांसारखेच त्यांच्यावर बारीक खवले असतात; पावडर त्यात अडकते आणि गालावर हलकेच सुटते. म्हणून ते पावडर, ब्लश, कोरडी आयशॅडो यांच्यासाठी. कृत्रिम ब्रशाचे केस नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, गुळगुळीत. ते क्रीम आणि लिक्विड पीत नाहीत, म्हणून फाउंडेशन, कन्सीलर, लिपस्टिकला तेच बरे. धुण्याच्या दृष्टीने कृत्रिम ब्रश दणकट, नैसर्गिक नाजूक.

दुकानदाराच्या शब्दावर भरवसा नसेल तर ब्रशातून आपोआप गळलेला एक केस चिमट्यात धरून काडीने जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर नैसर्गिक. वितळून टोकाला कडक मणी झाला तर कृत्रिम. आणखी एक खूण म्हणजे नैसर्गिक ब्रश ओला झाला की भिजलेल्या बकरीचा वास येतो. घाबरू नका, वाळला की जातो.

जाता जाता एक. कुणी "मुंगसाच्या केसांचा ब्रश आहे, अस्सल" असं सांगून दाखवलाच, तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. रंगकामाच्या ब्रशांसाठी चोरून मारली जाणारी मुंगसं हा आपल्या देशातला जुना रोग आहे.

किती दिवसांनी धुवायचा?

स्वतःपुरता मेकअप करणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. मी त्यात थोडी फोड करते. फाउंडेशन आणि कन्सीलरचा ब्रश आठवड्याला धुवायचाच, कारण ओलं प्रसाधन, कातडीचं तेल आणि घाम एकत्र आले की जंतूंना आयतं जेवण मिळतं. डोळ्यांचे ब्रशही आठवड्यालाच. कोरड्या पावडरचा आणि ब्लशचा ब्रश पंधरा दिवस चालतो, मात्र रोज वापर झाल्यावर टिश्यूवर पुसून ठेवायचा. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या असतील, डोळे आले असतील, ओठाला फोड आला असेल, तर वाट बघायची नाही.

दुसऱ्यांचा मेकअप करत असाल तर हा हिशेब लागू नाही. तिथे एक चेहरा झाला की ब्रश मळका, मग तो कितीही स्वच्छ दिसो.

हे सगळं वाढवून सांगतेय असं वाटत असेल तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात २०१९ साली झालेलं काम बघा. लोकांनी वापरत असलेली ४६७ प्रसाधनं तपासायला दिली होती: लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि मेकअपचे स्पंज. दहातल्या आठ-नऊ वस्तूंवर जंतू सापडले, त्यात ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकससारखेही. स्पंजांपैकी ९३ टक्के एकदाही धुतलेले नव्हते, आणि ६४ टक्के जमिनीवर पडल्यावर तसेच उचलून वापरलेले होते. ते वाचून मी हसले आणि गप्प बसले. मंगल कार्यालयाच्या फरशीवर पडलेला स्पंज फुंकर मारून वापरणाऱ्यांत कधीकाळी मीही होते.

धुवायला काय घ्यायचं, काय नाही

बेबी शॅम्पू, किंवा घरात असलेला कुठलाही साधा, पारदर्शक शॅम्पू. बस. ब्रशासाठी म्हणून विकतात त्या महागड्या बाटल्यांत चांगल्या वस्तू असतात, पण नवशिकीने पहिल्या वर्षी ते पैसे एका जादा फाउंडेशन ब्रशात घालावेत.

वॉटरप्रूफ फाउंडेशन, जेल लायनर, गडद लिपस्टिक यांना नुसता शॅम्पू पुरत नाही. ही सगळी तेला-मेणाची जात, तिला तेलच उतरवतं. नाटकाच्या रंगपटात तोंडाचा रंग काढायला खोबरेलाची बाटली असते ती उगाच नाही. कृत्रिम ब्रशाला आधी खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब, मग शॅम्पू. हट्टीच डाग असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चालतो, पण फक्त कृत्रिम ब्रशाला. नैसर्गिक केसांतलं सगळं तेल ते ओढून घेतं आणि ब्रश झाडूसारखा राठ होतो.

कपड्यांची पावडर, ब्लीच, फरशीचं फिनेल यांची नावं काढायची नाहीत. अंगाचा साबण काही जणी वापरतात. मी टाळते, आणि त्याचं कारण एका हळदीच्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या केसांचा एक ब्रश नवरीच्या हळदीच्या गालावरून फिरला आणि पिवळा झाला. माझ्याबरोबरच्या मुलीने बेसिनवरची साबणाची वडी त्याच्यावर घासली. ब्रश लालभडक! तिला वाटलं काही तरी कापलं. खरं तर हळदीतल्या पिवळ्या रंगाला अल्कधर्मी काहीही लागलं की तो लाल होतो. हळद आणि चुना मिसळून कुंकू करायचे ते याच गुणावर, आणि साबण अल्कधर्मीच. पाण्याखाली धरल्यावर ब्रश पुन्हा पिवळा झाला. उरलेला पिवळेपणा साबणाने जात नाही, उजेडाने जातो. पांढऱ्या कृत्रिम ब्रशाला सकाळच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवलं की फिकटतो. ब्रशाला ऊन दाखवायची माझ्या मते ही एवढीच सवलत.

पाण्याबद्दल. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं जड पाणी येतं. त्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा साका धरतो, आणि तो साका केसांच्या मुळाशी बसला की वाळलेला ब्रश खरखरीत लागतो. साबणापेक्षा शॅम्पू बरा, याचं हेही एक कारण; जड पाण्यातही त्याचा असा साका होत नाही. तुमच्याकडे नळाच्या तोटीवर पांढरा थर चढत असेल तर धुणं त्याच पाण्याने करा आणि शेवटचं खळबळणं तेवढं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने. एका ब्रशाला अर्धा पेला पुरतो.

आता धुवायला बसू

१. आधी निवडानिवड. आपण भांडी घासताना आधी चहाचे कप घेतो आणि तेलकट कढई शेवटी. ब्रशांचंही तसंच. आधी कोरड्या पावडरचे, मग क्रीम-फाउंडेशनचे, आणि काजळ, लायनर, लिपस्टिकचे सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर पांढऱ्या ब्रशाला राखाडी झाक चढते आणि ती कायमची राहते.

२. कोरडं पुसणं. ब्रश टिश्यूवर किंवा जुन्या सुती कापडावर एकाच दिशेने पुसा, पुढे-मागे घासू नका. निम्मा माल इथेच उतरतो. ही पायरी गाळली की तेवढाच माल पाण्यात कालवून चिखल होतो.

३. तेल, लागणार असेल तर. बशीत दोन थेंब घ्या, ब्रशाची फक्त टोकं त्यात टेकवा आणि तळहातावर गोल फिरवा. रंग सुटायला लागला की टिश्यूने टिपून घ्या. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर आधी हातावर चोळून पातळ करा. गोठलेलं तेल केसांत तसंच अडकून राहतं.

४. भिजवणं. नळाची धार बारीक ठेवा. पाणी कोमट, म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंगावर घालाल इतपत. ब्रश तिरपा, केस खाली, दांडा वर. पाणी केसांच्या खालच्या दोन-तृतीयांश भागालाच लागलं पाहिजे. ब्रशाचं तोंड वर करून नळाखाली धरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तसं धरलं की पाणी थेट मानेत उतरतं.

५. शॅम्पू. वाटाण्याएवढा थेंब तळहातावर. त्यावर ब्रश गोल-गोल फिरवा, दाब न देता. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. तो धुऊन टाका, पुन्हा थेंब घ्या. दुसरा फेस दुधाळ, तिसरा पांढरा. फाउंडेशनच्या दाट ब्रशात वरचे केस स्वच्छ दिसतात आणि पोटात माल तसाच असतो, म्हणून दोन बोटांनी केस मधोमध फाकवून आत बघा. तिथे अजून गव्हाळ रंग दिसला की आणखी एक फेरी. बाजारात सिलिकॉनच्या खडबडीत चकत्या मिळतात, त्या कृत्रिम ब्रशाला चांगल्या. खारीच्या-बकरीच्या केसांना तळहातच हवा. चकतीवर ते तुटतात.

६. खळबळणं. पाणी स्वच्छ येईपर्यंत, केस खालीच ठेवून. शॅम्पू राहिला तर ब्रश वाळल्यावर चिकट लागतो आणि पापणीजवळ खाज सुटते. मी ओला ब्रश हाताच्या मागच्या बाजूवर टेकवून बघते. बुळबुळीत लागला तर अजून एकदा.

७. पाणी काढणं. बोटांच्या चिमटीत केस धरून मानेकडून टोकाकडे हलकेच ओढत पाणी निथळवा, मग सुती पंचात गुंडाळून दाबा. पिळू नका. कपड्यासारखा पीळ दिला की केस गोंदातून उपटतात. झटका तर मुळीच देऊ नका. झटक्याने पाणी मागे, नळीत जातं.

८. आकार. ओला असतानाच बोटांनी ब्रशाला त्याचा मूळ आकार द्या: चपट्याला चपटा, गोलाला घुमट, तिरक्याला तिरका. ज्या आकारात वाळेल त्याच आकारात तो राहतो. ब्रशाला घालायच्या जाळीच्या नळ्या मिळतात. त्या नसतील तर टिश्यूची पट्टी सैल गुंडाळून दोऱ्याचा एक वेढा पुरे.

बारा ब्रशांना मला अजूनही पाऊण तास लागतो. पहिल्या वेळी तुम्हाला दीड तास लागेल, आणि शेवटचे तीन ब्रश कंटाळून कसेबसे धुतले जातील. म्हणून सुरुवातीला एका बैठकीत सहाच घ्या.

वाळवणं

धुणं चांगलं झालं तरी ब्रश इथे मरतात. इतक्या निगुतीने मान कोरडी ठेवायची आणि मग ब्रश पेल्यात उभा करून ठेवायचा, म्हणजे केसांतलं उरलंसुरलं पाणी रात्रभर सावकाश मानेत झिरपणार. क्लासमध्ये मी हे दहा वेळा सांगते आणि अकराव्या दिवशी एखादीच्या फोटोत पेल्यात उभे, ओले ब्रश दिसतात.

सपाट आडवे ठेवा आणि केस टेबलाच्या कडेबाहेर येऊ द्या, म्हणजे सगळीकडून वारा लागेल. दांड्याखाली एक घडी घातलेला पंचा ठेवला की केसांची बाजू किंचित खाली झुकते, पाणी टोकाकडे जातं. जागा कमी असेल तर कपड्यांच्या हँगरला रबरबँडने उलटे टांगा. वर पंखा चालू. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, दुपारच्या उन्हात नको; उष्णतेने कृत्रिम केसांची टोकं वाकडी होतात आणि नैसर्गिक केस कोरडे पडून तुटतात. डोळ्यांचे छोटे ब्रश सहा-सात तासांत वाळतात, दाट काबुकी ब्रशाला (आखूड दांड्याचा, गच्च केसांचा तो) पूर्ण २४ तास द्या. बाहेरून कोरडा लागला तरी मुळाशी बोट दाबून बघा. गार लागलं तर आत ओल आहे.

हा हिशेब उन्हाळ्या-हिवाळ्याचा. कोकणात किंवा मुंबईत जुलैत ब्रश धुणाऱ्यांना वेगळंच सांगावं लागतं. तिथे हवेतच इतकं पाणी असतं की दाट ब्रश दोन-दोन दिवस ओला राहतो आणि मुळाशी बुरशी धरतो. केसांवर राखाडी-हिरवट ठिपके आले किंवा धुऊनही ओल्या चादरीसारखा वास जात नसेल, तर तो ब्रश फेकायचा. पावसाळ्यात मी तीन गोष्टी करते. ब्रश सकाळी धुते, रात्री नाही, म्हणजे दिवसभर पंखा मिळतो. सगळे एकदम न धुता तीन-तीन धुते. आणि पूर्ण वाळल्यावर डब्यात ठेवताना बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. आपल्या धंद्याला चातुर्मासात सवड असतेच. तेव्हा सगळा सेट काढून एकेका ब्रशाची तपासणी करायची. तुळशीचं लग्न लागलं की पुढे मान वर करायला फुरसत मिळत नाही.

दोन चेहऱ्यांच्या मध्ये

कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत नवरी, तिची आई, करवली आणि ऐन वेळी "माझं पण थोडंसं" म्हणणारी आत्या असते. चार चेहरे, आणि ब्रश धुऊन वाळवायला वेळ नाही. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल कामाला येतं, औषधाच्या दुकानात मिळतं ते. ते ७० टक्क्यांचं घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं, असं वाटतं, पण ते क्षणात उडून जातं. जंतू मारायला अल्कोहोलबरोबर थोडं पाणी आणि थोडा वेळ दोन्ही लागतं.

पद्धत अशी: ब्रश टिश्यूवर पुसायचा, स्प्रेने केस ओले करायचे (मान नाही), पुन्हा कोऱ्या टिश्यूवर रंग यायचा थांबेपर्यंत पुसायचा, परत एक फवारा मारून तसाच वाळू द्यायचा. पूर्ण उडाल्याशिवाय डोळ्याजवळ न्यायचा नाही, झोंबतं. आणि हे पेट घेणारं द्रव्य आहे. त्याच खोलीत समई असते, उदबत्ती असते, कोपऱ्यात कुणीतरी केस सरळ करायचं तापलेलं मशीन ठेवलेलं असतं. फवारा मारायचा तो खिडकीपाशी जाऊन.

अल्कोहोलने ब्रश "धुतला" असं मात्र समजू नका. मेणाचा थर राहिला तर त्याच्या आडोशाला जंतूही राहतात. घरी आल्यावर शॅम्पू आहेच. नैसर्गिक केसांना वारंवार अल्कोहोल मारलं तर ते राठ होतात, म्हणून लग्नाच्या कामाला मी शक्यतो कृत्रिमच ब्रश नेते.

मस्काराची कांडी आणि लिप ब्रश यांना कुठलाही फवारा पुरेसा नाही. कांड्या एकदाच वापरायच्या मिळतात, त्या घ्या. वापरलेली कांडी बाटलीत परत बुडवायची नाही. लिपस्टिक आणि क्रीम स्टीलच्या पट्टीने खरवडून छोट्या ताटलीवर घ्यायचं आणि तिथून उचलायचं. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा मी डोळे लाल दिसणाऱ्या प्रत्येक बाईला डोळ्यांच्या मेकअपला सरळ नाही म्हटलं. दोघी रुसल्या. रुसू देत.

स्पंजाची गोष्ट निराळी

स्पंज ओला करूनच वापरतात, त्यामुळे मान सांभाळायचा प्रश्न नाही. पण ज्या ओलाव्यामुळे तो छान काम करतो त्याच ओलाव्यात जंतू वाढतात. म्हणून स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवायचा. शॅम्पू लावून मुठीत दाबत, सोडत, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नखं लागू देऊ नका, फाटतो. धुतल्यावर पंचात दाबून उघड्यावर ठेवा. ज्या प्लास्टिकच्या डबीत तो विकत आला, तिच्यात ओला बंद केलात तर चार दिवसांत काळे ठिपके पडतील. स्पंज मायक्रोवेव्हमध्ये फिरवून निर्जंतुक करायची युक्ती सांगणारे बरेच भेटतात. तो कोरडा राहिला तर पेटतो. त्या भानगडीत पडू नका. रोज वापरत असाल तर दोन-तीन महिन्यांत बदला, आणि गिऱ्हाइकाला वापरलेला स्पंज दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाहीच.

ठेवायचे कुठे

बाथरूमच्या फळीवर नाही. वाळलेले ब्रश पेल्यात उभे ठेवायला हरकत नाही, फक्त वरून झाकण किंवा रुमाल असावा. धूळ केसांत बसते. कामाला नेताना कापडी घडीच्या पाऊचात. ओला ब्रश पाऊचात गुंडाळावा लागलाच तर घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी तो बाहेर काढा. नैसर्गिक आणि कृत्रिम ओळखायला मी दांड्याच्या टोकाला नेलपेंटचा ठिपका देते: लाल म्हणजे नैसर्गिक. घाईत दुसऱ्या कुणी धुवायला घेतले तरी लाल ठिपक्याला भांड्याचं लिक्विड लागत नाही.

नवा ब्रश आणला तरी पहिल्या वापराआधी एकदा धुवा. कारखान्यातली धूळ जाते, सुटे केस निघून जातात, रंगवलेले केस असतील तर जादा रंगही सुटतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांत चार-सहा केस गळणं ठीक आहे. दहाव्या धुण्यालाही गळत असतील तर गोंद गेला.

मान हलायला लागली म्हणून लगेच ब्रश टाकू नका. आधी पूर्ण वाळवा, दोन दिवस. दांडा नळीतून सरळ ओढून काढा, जुन्या गोंदाची खपली टाचणीने खरवडा, दोन ट्यूबांचा ॲरल्डाइट गोंद काडीपेटीच्या काडीने कालवून दांड्याच्या टोकाला पातळ थर लावा आणि दांडा परत बसवा. झटपट चिकटणारा गोंद नको. तो कडक होऊन ठिसूळ पडतो आणि पाण्याला टिकत नाही. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा, ब्रश आडवा ठेवा आणि एक दिवस हात लावू नका. दांडा असा दुरुस्त होतो. केसांचा झुबकाच नळीतून पुंजक्याने सुटत असेल तर मात्र काही उपाय नाही, मी करून पाहिलंय. गोंद केसांत वर चढतो आणि ब्रशाची काडी होते.